'सर्वानुमते मंजूर' लिहिणाऱ्याचं खुलं पत्र

प्रति,
संचालक मंडळं, विश्वस्त मंडळं, कार्यकारिणी आणि व्यवस्थापन समित्या यांवरचे सर्व सन्माननीय सभासद

विषय : ठरावाखाली 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिण्याबाबत.

स.न.वि.वि.

तुम्ही मला ओळखत नाही, पण पाहिलं नक्की असेल. प्रत्येक सभेत टेबलाच्या कोपऱ्याला, अध्यक्षांच्या डाव्या हाताला, वही उघडून एक माणूस बसलेला असतो. तो इतिवृत्त लिहितो. एकतीस वर्षं तो माणूस मी होतो. कधी कंपनीच्या संचालक मंडळात, कधी धर्मादाय संस्थेत, कधी रहिवाशांच्या समितीत. मला मत नव्हतं, मध्ये बोलायची मुभा नव्हती. झालेलं लिहायचं, एवढंच काम. इतक्या वर्षांत माझ्या हातून सगळ्यांत जास्त वेळा लिहिलं गेलेलं वाक्य म्हणजे 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर'. त्यातलं 'सविस्तर' बहुतेक वेळा खोटं असायचं. 'सर्वानुमते' त्याहून जास्त वेळा.

शब्द मोठा गमतीचा आहे. 'एकमता'त आणि 'बहुमता'त मत आहे. 'सर्वानुमते'त आहे ते अनुमत. कुणीतरी पुढे झालं आणि बाकीचे मागून गेले, असा त्याचा अर्थ मी लावतो. व्याकरणवाले हरकत घेतील, पण टेबलाच्या त्या कोपऱ्यातून मला तरी हेच दिसत आलं.

एका सभेचं सांगतो. संस्थेचं नाव सांगणार नाही. विषयपत्रिकेवर सहा विषय होते आणि सातवा नेहमीचाच, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय'. अवघड विषय नेमका इथूनच आत येतो, लोकांची नजर घड्याळाकडे आणि हात पिशवीकडे गेल्यावर. त्या दिवशी आलेला विषय असा : कर्मचाऱ्यांच्या कल्याणासाठी बाजूला ठेवलेल्या निधीतला मोठा हिस्सा एका सभासदाच्या नात्यातल्या व्यवसायाला थोड्या मुदतीसाठी द्यायचा. व्याज बँकेपेक्षा चांगलं मिळणार होतं.

टेबलाभोवती अकरा जण होते. त्यांत एक निवृत्त गणितशिक्षिका. सगळे त्यांना बाई म्हणत. बाईंनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "कागद कुठे आहेत?"

अध्यक्ष हसले. "बाई, आमच्यावर विश्वास नाही का तुमचा?"

दोघे-तिघे हसले. बाई म्हणाल्या, "विश्वास आहे म्हणून तर कागद मागतेय."

त्यावर कुणी हसलं नाही, कुणी बोललंही नाही. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "घ्या हो मंजूर करून, उशीर होतोय." हात वर झाले. बाईंचा हात धड वर गेला नाही आणि धड खालीही राहिला नाही. केस सारखे करावेत तसा कोपरात वाकून कानापाशी थांबला. मी तो मोजला. मंजुरीत.

पैसे परत आले नाहीत. तीन वर्षांनी चौकशी लागली, वही मागवली गेली. ठराव क्रमांक ७, सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर. हजर सभासदांच्या यादीत बाईंचं नाव तिसरं. त्यांनी मला फोन केला. आवाज चढवला नाही. "मी विचारलं होतं ना रे? ते का नाही लिहिलंस?"

तेव्हा हे पत्र लिहिणारा धुतल्या तांदळासारखा नाही, हे आधीच सांगून टाकतो. मग पुढचं ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

'पाचामुखी परमेश्वर' असं आपण म्हणतो आणि ते खोटं नाही. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ साली त्याचा हिशेबच मांडला होता. प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एका बैलाचं, कापून साफ केल्यावर वजन किती भरेल, याचा अंदाज लोकांनी तिकिटावर लिहून द्यायचा होता. वाचता येण्याजोगी ७८७ तिकिटं गाल्टनच्या हाती आली. त्यांत खाटीक होते, शेतकरी होते आणि ज्यांना यातलं काही कळत नव्हतं असेही पुष्कळ. सगळे आकडे चढत्या क्रमाने लावून त्याने मधला काढला. तो निघाला १२०७ पौंड. खरं वजन ११९८. चूक शंभरात एकापेक्षाही कमी. गाल्टन काही लोकशाहीचा भाबडा भक्त नव्हता, त्यामुळे त्याचा हा निष्कर्ष अधिकच मोलाचा.

ही गोष्ट सगळे सांगतात, पण तिच्यातलं खरं मर्म अर्ध्यावर सोडतात. प्रत्येकाने आपला आकडा आपल्या तिकिटावर, एकट्याने लिहिला होता. तिकिटाला पैसे मोजले होते, त्यामुळे टवाळी म्हणून आकडा टाकणारे गळाले. शेजारच्याने काय लिहिलंय हे ठाऊक नव्हतं. कुणी भाषण ठोकून गर्दी आपल्या बाजूला ओढली नव्हती. आता समजा, त्याच ७८७ जणांना एका सभागृहात बसवलं असतं, व्यासपीठावरून एखाद्या वजनदार गृहस्थाने "माझ्या अनुभवाने सांगतो, चौदाशेच्या खाली नाही" असं जाहीर केलं असतं आणि मग हात वर करायला लावले असते. तर चौदाशे पौंड सर्वानुमते मंजूर झाले असते.

हेच गणिताने बघायचं तर काँदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ मध्ये मांडलेलं एक प्रमेय आहे. समजा, तुमच्या मंडळातला प्रत्येक सभासद शंभरातल्या ६० वेळा बरोबर ठरतो. म्हणजे फार हुशार नव्हे, बरा. अशा ११ जणांनी आपापलं डोकं चालवून बहुमताने ठरवलं, तर मंडळ शंभरातल्या ७५ वेळा बरोबर ठरतं. १०१ जण असतील तर सुमारे ९८ वेळा. साधी माणसं एकत्र आली की शहाणपण वाढतं ते असं. पण त्याला अट आहे, प्रत्येकाने वेगळा विचार केलेला असण्याची. अकराही जण अध्यक्षांच्या चेहऱ्याकडे बघून हात वर करत असतील, तर त्या खोलीत हजेरीपटावर अकरा सह्या असतात आणि माणूस एकच असतो. त्याची अक्कल शंभरात ६०, म्हणून तुमच्या मंडळाचीही ६०. बाकीच्या दहा जणांचा प्रवासखर्च फुकट.

आणि प्रत्येकजण शंभरातल्या ६० वेळा चुकणारा असेल, म्हणजे सगळ्यांना तीच चुकीची माहिती पुरवलेली असेल किंवा सगळ्यांचा सारखाच स्वार्थ गुंतलेला असेल, तर हेच प्रमेय उलटं फिरतं. ११ जणांचं मंडळ शंभरातल्या २५ वेळाच बरोबर ठरतं. माणसं वाढवाल तितकी चूक पक्की होत जाते.

चॅलेंजर या अंतराळयानाचा अपघात आपल्याला आकाशातल्या धुराच्या त्या दोन शिंगांमुळे आठवतो. मला त्याच्या आदल्या रात्रीची सभा आठवते. मी तिथे अर्थातच नव्हतो, पण त्या सभेचा चौकशी अहवालात आलेला वृत्तान्त इतिवृत्त लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. २७ जानेवारी १९८६. तीन ठिकाणचे लोक दूरध्वनीवर जोडलेले. अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या इंजिनिअरांचं म्हणणं होतं की इतक्या थंडीत सांध्यांमधली रबरी कडी वेळेत मूळ आकारात येऊन फट बुजवणार नाही, ५३ अंश फॅरेनहाइटच्या खाली उड्डाण नको. रॉजर बॉइस्जोली या इंजिनिअरने याच कडीबद्दल सहा महिने आधी कंपनीला लेखी इशारा दिलेला होता. नासाच्या अधिकाऱ्यांना त्या रात्री ते पटेना. कंपनीने पाच मिनिटं मागितली, फोन बंद केला, पाचाची जवळजवळ तीस झाली. त्या वेळात वरिष्ठ व्यवस्थापकाने अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला सांगितलं की इंजिनिअरची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. मत घेतलं गेलं ते चार व्यवस्थापकांचं. विरोध करणारे इंजिनिअर त्याच खोलीत बसलेले होते. त्यांना कुणी विचारलं नाही.

फोन पुन्हा जोडला गेला. उड्डाणाला हरकत नाही, असं कंपनीने कळवलं. नासाच्या बाजूने विचारणा झाली, कुणाचं वेगळं मत आहे का? कुणीही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत सात माणसं गेली. त्या रात्री माझ्यासारखा कुणी वही घेऊन बसला असता, तर त्याने प्रामाणिकपणे काय लिहिलं असतं? 'वेगळे मत विचारण्यात आले. कोणीही मांडले नाही. सर्वानुमते.' एक अक्षर खोटं नाही आणि एक अक्षर खरं नाही. त्याच कंपनीचा उड्डाणस्थळी हजर असलेला अधिकारी ॲलन मॅकडोनल्ड याने शिफारसपत्रावर सही करायला नकार दिला होता. सही दुसऱ्याने केली, फॅक्सने पाठवली. नंतर कंपनीने मॅकडोनल्डलाच बाजूला सारलं आणि गवगवा झाल्यावर त्याच्याकडेच अग्निबाणाच्या नव्या रचनेचं काम सोपवलं. नाही म्हणणाऱ्याचं मोल बहुतेक ठिकाणी असं उशिरा कळतं.

तुम्ही म्हणाल, आमच्या सभेत काही अग्निबाण उडत नाहीत. खरंय. आमच्या रहिवाशांच्या समितीतही उडत नव्हता. तिथे जिन्याचा कठडा हलत होता, एवढंच. चाळीस घरं, रोज शंभर-सव्वाशे हात त्या कठड्याला लागत. एके दिवशी तो निखळला आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांचं मनगट मोडलं. मग समितीची सभा भरली. मी लिहीत होतो. एकापाठोपाठ एक नऊ जण म्हणाले, "अहो, मला माहीत होतं, पण मला वाटलं तुम्ही कळवलं असेल." मी नऊ वेळा तेच वाक्य लिहिलं. दहाव्याने तोंड उघडलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

यात कुणी दुष्ट नव्हतं. जॉन डार्ली आणि बिब लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच जातीचा आहे. माणूस वेगळ्या खोलीत एकटा बसलाय, ध्वनियंत्रावर दुसऱ्याशी बोलतोय आणि त्या दुसऱ्याला अचानक झटका येतो. आवाज अर्थातच आधी मुद्रित केलेला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के झटका संपायच्या आत मदतीला धावले. आणखी चौघं ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले फक्त ३१ टक्के. पण जे धावले नाहीत ते निवांत बसलेले नव्हते. संशोधक आत गेले तेव्हा त्यांतल्या कित्येकांचे हात थरथरत होते, "तो बरा आहे ना?" असं ते विचारत होते. काळजी पुरेपूर होती. फक्त ती आपल्या वाट्याची आहे असं कुणाला वाटत नव्हतं.

नफा वाटून घेता येतो. तोटाही येतो. जबाबदारीला मात्र भागाकार लागत नाही, आणि मंडळावर बसलेला जवळजवळ प्रत्येकजण मनातल्या मनात तो करत असतो. अकरा जणांत विभागली की माझ्या वाट्याला किती उरली? एक अकरांश. एवढ्याशासाठी कोण वाईटपणा घेतो?

इथवर मी चुका टाळण्याबद्दल बोललो. नीतीचं त्याहून अवघड आहे. बैलाचं वजन शेवटी काट्यावर ठेवून बघता येतं. पण कर्मचाऱ्यांच्या निधीला हात लावावा का, हे कुठल्या काट्यावर ठेवणार? अत्यंत हुशार, वेगवेगळा विचार करणारी अकरा माणसंसुद्धा आपल्या सोयीचं काय, एवढंच अचूक ओळखण्यात तरबेज असू शकतात. एन्रॉनकडे नीतिसंहिता होती. १९९९ मध्ये त्यांच्या संचालक मंडळाने तिला रीतसर मुरड घातली आणि कंपनीच्या वित्तप्रमुखाला, त्याच कंपनीशी व्यवहार करणाऱ्या खासगी भागीदाऱ्या चालवायला मोकळीक दिली. लपूनछपून नाही, ठराव करून. लेखापरीक्षण समितीचे अध्यक्ष हिशेबशास्त्राचे नामवंत प्राध्यापक होते. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. शहाणपण तिथे कमी पडलं असं मला नाही वाटत. ज्यांचं नुकसान होणार होतं त्यांच्यापैकी त्या टेबलाभोवती कुणी नव्हतं.

याच्या उलट नमुना एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या अभ्यासात सापडतो. अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, साल २००९. सामाईक मालमत्तेची लूट व्हायचीच, असं तोवर बरेच पंडित धरून चालत. ऑस्ट्रॉम यांनी शेकडो वर्षं न लुटल्या गेलेल्या कुरणांचा, कालव्यांचा आणि जंगलांचा माग काढला. त्यांत स्वित्झर्लंडमधलं टॉर्बेल हे डोंगरातलं गाव आहे. तिथे १५१७ पासूनचा नियम असा की आपल्या घरच्या चाऱ्यावर हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतात, त्यापेक्षा जास्त गाई कुणी उन्हाळ्यात सामाईक कुरणावर न्यायच्या नाहीत. नियम एका ओळीचा, शेंबड्या पोरालाही कळणारा. तो टिकला, कारण करणारे आणि पाळणारे एकच होते. कुरण उजाड झालं तर उपाशी राहणारी गाय नियम करणाऱ्याच्याच गोठ्यात होती.

आणि ज्यांच्या डोक्यावर छत कोसळणार आहे ते एकीकडे आणि निर्णय घेणारे दुसरीकडे असले की काय होतं, ते ढाक्याजवळच्या राणा प्लाझात दिसलं. २३ एप्रिल २०१३ रोजी इमारतीला भेगा पडल्या. सगळ्यांनी पाहिल्या. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. वरच्या शिवणकारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावलं गेलं. आत जायला बिचकणाऱ्यांना पगार कापण्याचा धाक होता. इमारत कोसळली, १,१३४ माणसं मेली. भेग दिसली नाही, असं तिथे कुणालाच म्हणता येणार नाही. ज्ञान जिन्याच्या पायथ्याशी उभं होतं, त्याला मत नव्हतं. पुढच्याच महिन्यात कपड्यांच्या कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात सुरक्षिततेचा जो करार झाला, त्यात धोकादायक इमारतीत पाऊल ठेवायला नकार देण्याचा कामगारांचा हक्क लिहिला गेला. नाही म्हणण्याचा हक्क कागदावर यायला केवढी किंमत पडली पाहा.

तर आता माझं मागणं. आयत्या वेळच्या विषयांत पैशाचा आणि माणसांच्या सुरक्षिततेचा विषय घेऊ नका. कधीच नाही. सभासदांची पुढच्या सभेपर्यंत थांबायची तयारी नसेल, तर घाई कुणाची आहे ते आधी विचारा. मोठ्या विषयावर चर्चेच्या आधी प्रत्येकाने आपलं मत दोन ओळींत लिहून चिठ्ठी टेबलावर ठेवावी, ७८७ तिकिटांसारखी. अध्यक्षांनी शेवटी बोलावं. प्राचीन ज्यू न्यायपरंपरेत देहदंडाच्या खटल्यात कनिष्ठ न्यायाधीशांपासून मतं घ्यायला सुरुवात होई, म्हणजे ज्येष्ठांच्या दडपणाखाली कुणी यायला नको. आणि त्याच परंपरेतला एक दंडक असा की सगळ्यांनीच एकमुखाने आरोपीला दोषी ठरवलं तर त्याला सोडून द्यावं. एकाही न्यायाधीशाला त्याच्या बाजूने बोलावंसं वाटलं नसेल, तर खटला नीट चाललेलाच नाही. आपल्याकडे नेमकं अशाच वेळी आपण टाळ्या वाजवतो.

शिवाय निर्णय ज्यांच्या अंगावर जाणार त्यांच्यातलं कुणीतरी त्या दिवशी खोलीत असावं. निमंत्रित म्हणून कोपऱ्यात नव्हे, टेबलाला खुर्ची लावून.

प्रत्येक ठरावाला नाक मुरडणारा एक सभासद सगळीकडे असतो, त्याचं काय, असं तुम्ही विचारणार. मलाही त्यांचा उबग यायचा, त्यांच्यापायी माझी पानंच्या पानं भरली. पण मागे वळून वही चाळली, तर त्यांच्या दहा हरकतींपैकी नऊ फुकाच्या होत्या आणि दहावी मात्र दुसऱ्या कुणाला सुचलेलीच नव्हती. भाव वाईट नाही. आणि सभा लांबतात म्हणाल, तर माझ्या हिशेबाने सभा लांबतात त्या मागच्या सभेतला गोंधळ निस्तरण्यात.

राहिलं इतिवृत्त. माझ्या धंद्यातल्या पुढच्या पिढीसाठी लिहितो. 'सर्वानुमते' हा शब्द आपणहून लिहू नका. हात मोजा. अर्धा वर गेलेला हात दिसला, तर थांबून विचारा, "लिहू काय?" अध्यक्ष रागावतील. रागावू द्या. विचारलेला प्रश्न, विचारणाऱ्याच्या नावासकट, विचारला तसा लिहा. भिन्नमत नोंदवणं हा सभासदाचा हक्क आहे आणि ते नोंदवून घेणं हे तुमचं कामच आहे.

त्या चौकशीत मी शेवटी लेखी जबाब दिला. वहीत खाडाखोड केली नाही, ते करायचंही नसतं. वेगळ्या कागदावर सभेत काय झालं ते आठवेल तसं लिहिलं. बाईंचा प्रश्न, अध्यक्षांचं हसणं, कानापाशी थांबलेला हात. प्रत बाईंना पाठवली. आठवड्याने त्यांचा फोन आला. वाचलं म्हणाल्या. मग थोडं थांबून विचारलं, "सविस्तर चर्चा किती वेळ चालली, ते नाही लिहिलंस?"

"राहिलं बाई," मी म्हणालो.

"चार मिनिटं," बाई म्हणाल्या. "मी घड्याळ बघत होते. पुरवणी जोड."

त्याच संध्याकाळी जोडली.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिवृत्तलेखक